रिमेकमध्ये नायकाची नायिका होते तेव्हा

१९६७ साली दिलीपकुमारचा 'राम और श्याम' आला. एकसारखे दिसणारे दोन भाऊ, एक भित्रा, एक बेधडक. दोघांची अदलाबदल होते आणि बेधडक भाऊ भित्र्याच्या घरात शिरून बहिणीच्या जुलमी नवऱ्याला सरळ करतो. ही कथाही मुळात तेलुगू, १९६४ च्या 'रामुडु भीमुडु'ची. पुढे १९७२ मध्ये तोच साचा घेऊन 'सीता और गीता' आला आणि दोन्ही भावांच्या जागी हेमा मालिनी उभी राहिली. १९८९ मध्ये श्रीदेवीचा 'चालबाज', लगेच १९९० मध्ये अनिल कपूरचा 'किशन कन्हैया'. पुरुषाची भूमिका बाईकडे गेली, दुसऱ्या बाईकडे गेली आणि पुन्हा पुरुषाकडे आली. आज असा बदल झाला की 'आमचं बालपण नासवलं' अशी ओरड होते, तशी तक्रार या सगळ्यात कोणी केली नाही.

आता यातली गंमत बघा. राम मुकाट मार खातो तेव्हा प्रेक्षकाला त्याची कीव येते आणि थोडी चीडही येते, कारण धडधाकट पुरुषाने असं भेदरून राहणं हा त्याचा दोष धरला जातो. सीता मुकाट राबते तेव्हा मात्र तिच्यात काही कमी आहे असं वाटत नाही. सोशिक आहे, वळण चांगलं आहे, असंच लोक म्हणतील. त्यामुळे श्याम चाबूक हातात घेतो तेव्हा तो एका दुष्ट माणसाला धडा शिकवत असतो. गीता घरकामाला नकार देऊन काकूलाच कामाला लावते, तेव्हा त्या काकूबरोबर 'चांगल्या मुलीचं वळण' नावाची गोष्टही मार खाते. प्रसंग साधारण तोच, पण त्याचं वजन बदललं. रिमेकमध्ये मुख्य पात्राचं लिंग किंवा वंश बदलण्याचा सगळा प्रश्न या वजनाचा आहे.

हॉलिवूडमध्ये गेली काही वर्षं अशी घोषणा झाली रे झाली की दोन तट पडतात. एकाला वाटतं आपल्या आवडत्या सिनेमाची वाट लावली, दुसऱ्याला वाटतं उशिरा का होईना न्याय झाला. दोघेही निकाल देतात तो पोस्टर बघून. 'द लिटल मरमेड'च्या नव्या आवृत्तीत जलपरी एरियलच्या भूमिकेसाठी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिकेची निवड जाहीर झाली जुलै २०१९ मध्ये. सिनेमा आला मे २०२३ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षं लोक न पाहिलेल्या सिनेमावर भांडत होते.

मुळात आपण एकाच नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार ढकलतो.

एक प्रकार असा की अख्खी कथाच दुसऱ्या देशात जाते. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'चा (१९५४) अमेरिकेत १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाला. सामुराईंचे बंदूकबाज झाले आणि जपानी खेडं मेक्सिकोत गेलं. हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'वरून (२००२) स्कॉर्सेसीने २००६ मध्ये 'द डिपार्टेड' केला, तो बोस्टनमधल्या आयरिश वस्तीत. पात्रांचा वंश इथेही बदललाच आहे. पण त्यांच्याभोवतीचं जगही सोबत बदललं असल्याने कोणाला ते खटकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे भूमिका तीच, नट वेगळ्या वंशाचा, आणि कथेला त्या रंगाशी फारसं देणंघेणं नाही. जेरी लुइसचा १९६३ चा 'द नटी प्रोफेसर' एडी मर्फीने १९९६ मध्ये केला, रेक्स हॅरिसनचा डॉक्टर डूलिटल १९९८ मध्ये केला. प्राण्यांची भाषा समजणारा डॉक्टर गोरा की काळा याने काय फरक पडतो? लोक मर्फीला बघायला गेले आणि पोट धरून हसले.

तिसऱ्या प्रकारात पात्र बदलतं आणि तो बदल कथेला कळतो. खरी मजा इथे आहे, आणि खरी फजितीही इथेच होते.

या प्रकाराचा सगळ्यात चांगला नमुना ८० वर्षांहून जुना आहे. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकार्थर यांचं 'द फ्रंट पेज' हे नाटक १९२८ चं, त्यावरचा पहिला सिनेमा १९३१ चा. शिकागोतल्या एका वर्तमानपत्राचा बनेल संपादक वॉल्टर बर्न्स आणि त्याचा हुकमी बातमीदार हिल्डी जॉन्सन. हिल्डीला लग्न करून न्यूयॉर्कला जायचंय, जाहिरातीच्या धंद्यात शिरायचंय. त्याच दिवशी एका कैद्याच्या फाशीची मोठी बातमी फुटायच्या बेतात आहे आणि संपादक हिल्डीला काही केल्या सोडायला तयार नाही. हॉवर्ड हॉक्स १९४० च्या सुमारास याचा रिमेक करत होता. त्याने स्वतः पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की वाचनाच्या वेळी हिल्डीचे संवाद एका बाईने वाचले आणि ते बाईच्या तोंडी जास्त झकास वाटले. 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये हिल्डी झाली रोझलिंड रसेल आणि संपादक झाला कॅरी ग्रँट.

हॉक्स आणि पटकथाकार चार्ल्स लेडरर नाव आणि कपडे बदलून थांबले असते तर आज कोणी हा सिनेमा काढून बघितला नसता. त्यांनी हिल्डीला संपादकाची घटस्फोटित बायको केलं. एवढ्या एका बदलाने संपादकाच्या प्रत्येक लबाडीला दोन अर्थ आले. त्याला बातमीदार हवी आहे की बायको, हे त्याचं त्यालाही धड ठाऊक नाही. मूळ नाटकातला हिल्डी नोकरी सोडतो तो दुसऱ्या नोकरीसाठी. इथली हिल्डी नोकरी सोडते ती ऑल्बनीत, विमा विकणाऱ्या सरळमार्गी नवऱ्याबरोबर आणि त्याच्या आईसोबत राहायला. १९४० मधल्या बाईसाठी ही निवड म्हणजे काम की घर अशी सरळ दोन टोकं होती. पुरुष हिल्डीपुढे हा पेच नव्हताच. आणि घड्याळाचा डाव बघा. नाटकाच्या शेवटी संपादक हिल्डीला घड्याळ भेट देतो आणि नंतर तेच चोरलं म्हणून त्याला पकडायला लावतो. सिनेमात घड्याळचोरीचा आळ येतो तो बिचाऱ्या होणाऱ्या नवऱ्यावर, तोही शेवटाच्या कितीतरी आधी. संपादकाला वाटेतून दूर करायचा माणूसच आता वेगळा झाला होता, म्हणून डावाची जागाही हलली. एक पात्र बदललं की किती खिळे पुन्हा ठोकावे लागतात, ते इथे दिसतं. पुढे १९७४ मध्ये बिली वाइल्डरने हिल्डीला परत पुरुष केलं आणि १९८८ च्या 'स्विचिंग चॅनल्स'मध्ये ती पुन्हा बाई झाली, यावेळी टीव्हीवरच्या बातम्यांत.

उलटापालट केल्यावर गोष्टीचा अर्थ कसा फिरतो, याचं एक सोपं उदाहरण आहे. २००० सालच्या 'व्हॉट विमेन वॉन्ट'मध्ये मेल गिब्सनला अपघाताने बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. २०१९ मध्ये 'व्हॉट मेन वॉन्ट' आला. त्यात ताराजी हेन्सन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री खेळाडूंची एजंट आहे आणि तिला पुरुषांच्या मनातलं ऐकू येतं. वरवर पाहिलं तर आरशातलं प्रतिबिंब. पण गिब्सनच्या पात्राला जे मिळतं ते शिक्षण आहे, आजवर ज्यांचं ऐकायची गरज वाटली नव्हती त्यांचं तो ऐकायला लागतो. हेन्सनच्या पात्राला मिळते ती हेरगिरीची सोय. पुरुषांनी भरलेल्या कचेरीत बढती कुठे अडते, बंद दाराआड काय ठरतं, हे तिला कळायला लागतं. सिनेमा म्हणून तो बेताचाच आहे, हे माझं मत. पण उलटवल्यावर गोष्ट तीच राहत नाही, हे त्यातून लख्ख दिसतं.

'ओव्हरबोर्ड'ची तऱ्हा निराळी. १९८७ च्या सिनेमात स्मृती गेलेल्या श्रीमंत बाईला एक सुतार 'तू माझी बायको' असं खोटं सांगून घरी नेतो आणि पोरांचं करायला लावतो. तेव्हा लोक हसले. आज ती कल्पना ऐकूनच पोटात गोळा येतो. २०१८ च्या रिमेकमध्ये स्मृती गेलेला श्रीमंत माणूस आहे आणि खोटं सांगणारी कष्टकरी बाई. खोटेपणा तेवढाच, पण प्रेक्षकाची भीती बरीच उतरते, कारण अनोळखी घरात कोंडलेल्या बाईला ज्याची धास्ती असते ती त्या पुरुषाला सहसा नसते. म्हणजे कधीकधी हा बदल दुरुस्ती म्हणूनही केला जातो, जुनी कथा आजच्या डोळ्यांना सोसावी म्हणून.

वंशाच्या बाबतीत असाच उलटा प्रयोग झाला तो 'गेस हूज कमिंग टू डिनर'वर. मूळ सिनेमा डिसेंबर १९६७ चा. त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात आंतरवंशीय लग्नांवरची राज्यांची बंदी रद्द केली होती. गोऱ्या घरातली मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला घेऊन येते. सिडनी पॉइटियेचं हे पात्र इतकं गुणी केलंय, की आईवडिलांना त्याच्या रंगाशिवाय नाकारायला दुसरं कारणच उरू नये. २००५ च्या 'गेस हू'मध्ये बाप कृष्णवर्णीय आणि जावई गोरा. बर्नी मॅक हसवतो छान, पण आता बापाच्या संशयामागे वेगळा इतिहास आहे. आधीच्या बापाच्या नकाराला अगदी त्या वर्षापर्यंत कित्येक राज्यांत कायद्याचा पाठिंबा होता. या बापाचा संशय ज्यांच्याकडे कायदा होता त्यांच्याबद्दलचा आहे. वंशच जिथे कथेचा विषय आहे तिथे तो उलटा केला की विषयच दुसरा होतो, आणि तो हलक्याफुलक्या विनोदात घालवला की हाती फार काही लागत नाही.

एरियलकडे परत येऊ. तिचं दुःख समुद्र आणि जमीन यांच्यातलं आहे. कातडीचा रंग या कथेत, अँडरसनच्या १८३७ च्या परीकथेतही, काही काम करत नाही. त्यामुळे २०२३ च्या सिनेमाला थोडीच डागडुजी लागली. कथा कॅरिबियन वाटावं अशा बेटावर नेली, राजपुत्र एरिकला कृष्णवर्णीय राणीचा दत्तक मुलगा केलं, एरियलच्या बहिणी निरनिराळ्या वंशांच्या दाखवल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली झलक आली तेव्हा ती बघून आनंदाने ओरडणाऱ्या छोट्या कृष्णवर्णीय मुलींचे व्हिडिओ जगभर फिरले. जगभरात सिनेमाने सुमारे ५७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला, त्यातला निम्म्याहून जास्त अमेरिका-कॅनडातला. चीन आणि दक्षिण कोरियात मात्र तो चालला नाही.

२०२५ चा 'स्नो व्हाइट' जास्त अवघड जागी होता, कारण इथे रंग नावातच आहे. ग्रिमबंधूंच्या कथेतली राणी हिमासारखी गोरी मुलगी मागते. नव्या सिनेमातली नायिका रेचेल झेगलर, तिची आई कोलंबियन वंशाची. मग नव्या सिनेमात नावाचा संबंध कातडीवरून काढून ती जन्मली त्या रात्रीच्या हिमवादळाशी जोडला. हुशारीची पळवाट आहे, पण पळवाटच. सिनेमा आपटला. त्यावरून लोकांनी लगेच निष्कर्ष काढले. पण त्या सिनेमाभोवती सात बुटक्यांपासून कलाकारांच्या राजकीय विधानांपर्यंत इतके वाद होते की एकाच कारणावर बोट ठेवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

पैशाच्या आकड्यांनी हा वाद मिटत नाही, हे 'घोस्टबस्टर्स'वरून कळतं. १९८४ च्या मूळ सिनेमात भुतं पकडणारे चार पुरुष होते, पॉल फीगच्या २०१६ च्या सिनेमात चारही भूतपकडे बायका होत्या. ट्रेलरला यूट्यूबवर विक्रमी नापसंती मिळाली. त्यांतल्या कृष्णवर्णीय लेस्ली जोन्सवर तर इतकी किळसवाणी वंशद्वेषी शेरेबाजी झाली की तिने काही काळ ट्विटर सोडलं. सिनेमाला खर्च आला १४.४ कोटी डॉलर आणि जगभरातला गल्ला जमला सुमारे २२.९ कोटी. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानाने निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो, वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे तोटा. पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, 'घोस्टबस्टर्स: आफ्टरलाइफ' आला. त्याचा गल्ला सुमारे २०.४ कोटी, म्हणजे आधीच्यापेक्षा कमी. पण खर्च ७.५ कोटीच होता, म्हणून तो यशस्वी ठरला.

मला यात सगळ्यात लक्षणीय वाटते ती वेगळीच गोष्ट. 'आफ्टरलाइफ'चं मुख्य पात्रही मुलगीच आहे! फीबी, मूळ चौघांतल्या एगॉनची नात. तिच्यावर कोणी भडकलं नाही. फरक कुठे पडला? २०१६ च्या सिनेमात जुने चौघे कधी नव्हतेच असं गृहीत धरलं होतं. मूळचे नट दिसतात, पण भलत्याच छोट्या भूमिकांत. चाहत्याच्या लेखी नव्या बायका जुन्यांना पुसून आल्या. फीबी मात्र वारस म्हणून आली. 'ओशन्स एट'मधली (२०१८) डेबी ही आधीच्या 'ओशन्स' सिनेमांतल्या चोरांच्या म्होरक्याची, डॅनी ओशनची बहीण, आणि 'क्रीड'मधला (२०१५) कृष्णवर्णीय नायक हा मुष्टियोद्धा रॉकीच्या जागी आलेला दुसरा रॉकी नसून रॉकीचा जुना प्रतिस्पर्धी अपोलो क्रीडचा मुलगा आहे. दोन्ही चालले. गादीवर वारस बसला तर लोक स्वीकारतात, आधीचा राजा झालाच नाही म्हटलं की बिथरतात.

२०१६ च्या सिनेमाबद्दल आणखी एक, जे त्या गदारोळात बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलं. १९८४ मध्ये तिघे शास्त्रज्ञ होते आणि चौथा, कृष्णवर्णीय विन्स्टन, जाहिरात बघून नोकरीला लागलेला. नव्या सिनेमात तिघी शास्त्रज्ञ आणि चौथी, कृष्णवर्णीय, भुयारी रेल्वेतली कर्मचारी. चौघांच्या चार बायका झाल्या, पण विद्वत्ता कोणाकडे आणि कोणाकडे नाही, ही ३२ वर्षांपूर्वीची वाटणी जशीच्या तशी राहिली. वरवरचा बदल म्हणजे काय, ते मला याहून नेमकं दाखवता येणार नाही.

स्टुडिओ हे का करतात? तत्त्वासाठी करणारेही असतील. पण मुख्य कारण व्यवहाराचं आहे. ओळखीच्या नावावर पैसा लावणं नव्या कथेपेक्षा सुरक्षित वाटतं. मात्र ओळखीची गोष्ट पुन्हा का बघायची, या प्रश्नाला उत्तर लागतं, आणि नायकाची नायिका करणं हे त्यातल्या त्यात स्वस्त आणि एका ओळीत सांगता येणारं उत्तर आहे. फुकटची चर्चा होते ती वेगळीच. 'त्यापेक्षा त्यांच्यासाठी नवी पात्रं लिहा' ही सूचना म्हणूनच रास्त असली तरी अपुरी आहे. मोठं बजेट जुन्या नावांनाच मिळतं, आणि जुनी नावं घडली त्या काळात मोठ्या भूमिका कोणाला मिळत होत्या हे सगळ्यांना माहीत आहे.

मग उलट केलं की आरडाओरडा का, हा प्रश्न नेहमी येतो. एका गोऱ्या पात्राच्या जागी कृष्णवर्णीय चालतो, तर आशियाई पात्राच्या जागी गोरी नटी का चालू नये? त्याला व्हाइटवॉशिंग म्हणून नावं का ठेवायची? याचं उत्तर १९३७ च्या 'द गुड अर्थ'मध्ये आहे. चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका करायची चिनी-अमेरिकन अभिनेत्री अ‍ॅना मे वाँगची फार इच्छा होती. नायक म्हणून पॉल म्युनी हा गोरा नट ठरला होता, आणि तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेला पडद्यावर आंतरवंशीय जोडपं चालत नव्हतं. भूमिका जर्मन वंशाच्या लुइझ रायनरला मिळाली, तिने चेहरा रंगवून चिनी बाई उभी केली आणि ऑस्कर मिळवलं. वाँगला चिनी बाई होण्यापासून अडवलं ते ती चिनी असल्यामुळे. ही जुनी जखम असल्यानेच २०१७ च्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी कथेवरच्या सिनेमात, यंत्रशरीरात माणसाचा मेंदू बसवलेल्या नायिकेच्या भूमिकेत, स्कार्लेट जोहान्सनला घेतल्यावर लोक चिडले. त्यात सिनेमाने आपणहून खुलासा दिला की या गोऱ्या शरीरातला मेंदू मोतोको नावाच्या जपानी मुलीचा आहे. न विचारता दिलेल्या या कबुलीने प्रकरण आणखी चिघळलं.

रिमेकच्या बाबतीत हिंदी सिनेमाही अधूनमधून चांगलं काम करून जातो. 'बदला' (२०१९) हा २०१६ च्या 'कोंत्रातिएंपो' या स्पॅनिश सिनेमाचा रिमेक. तिथे खुनाचा आरोप असलेला उद्योजक पुरुष आहे आणि वकील बाई. सुजॉय घोषने तापसी पन्नूला आरोपी आणि अमिताभ बच्चनला वकील केलं. ही अदलाबदल एका जागी थांबत नाही. वकील पुरुष झाला की कथेतल्या आणखी एका जोडप्याची कामंही आपापसांत बदलावी लागतात. का, ते सांगितलं तर शेवट फुटेल. ज्यांनी दोन्ही पाहिलेत त्यांना कळेल की कुठेही ओढाताण झालेली नाही.

वंशाऐवजी जात धरली तर मात्र हिंदीतलं चित्र वेगळं दिसतं. नागराज मंजुळेच्या 'सैराट'चा (२०१६) हिंदी 'धडक' (२०१८) झाला तेव्हा जोडीतली गरीब-श्रीमंत दरी राहिली, उदयपूरचा वाडा आला, जातीचा उच्चार मात्र पार पुसट झाला. पात्राची ओळख बदलली असती तरी एक वेळ चाललं असतं. इथे ती ओळख काढूनच टाकली, आणि मग शेवटचा प्रसंग मुळाइतकाच भीषण ठेवूनही तो नेमका कशामुळे घडला हे प्रेक्षकाला स्वतःच्या मनाने भरावं लागलं. सात वर्षांनी 'धडक २' हा तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'चा (२०१८) रिमेक आला. त्यात नायकाची जात लपवलेली नाही. सेन्सॉरने मात्र काही संवाद बदलायला लावले.